पहिला बो घेताना: खानदेशच्या हवेत टिकेल असा गज कसा निवडावा

माझ्याकडे नवा विद्यार्थी आला की त्याचे आईवडील व्हायोलिन कौतुकाने पुढे करतात. लाकडाचा रंग, पॉलिश, पेटीतलं मखमलीचं अस्तर, सगळं दाखवून होतं. बो मात्र पेटीच्या झाकणात अडकवलेलाच राहतो. एका पालकांनी माझ्या बोकडे बोट करून विचारलं होतं, "मास्तर, ही काडी कितलाले लिधी?" आकडा ऐकल्यावर ते बराच वेळ गप्प होते, कारण तेवढ्या पैशांत त्यांचं अख्खं व्हायोलिन आलं होतं, वर पेटी आणि राळेची वडी फुकट.

पण सूर काढतो तो उजवा हात, आणि उजव्या हातात असते ती ही काडी. डावा हात चुकला तर सूर बेसूर होतो. बो चुकीचा असेल तर सूर लागलेला असूनही खरखरतो, थरथरतो, मधेच तुटतो, आणि मुलाला वाटतं की आपल्याला जमतच नाही. दोन महिने असे गेले की व्हायोलिन कपाटावर जातं.

जुनी मंडळी याला गज म्हणतात, सारंगीचा असतो तसा. क्लासात सगळे बो म्हणतात, म्हणून मीही तेच वापरतो.

आधी माप

माप चुकलं तर पुढची सगळी पारख वाया जाते. पूर्ण मापाच्या म्हणजे चार-चतुर्थांश व्हायोलिनचा बो साधारण ७४ ते ७५ सेंटिमीटर लांब असतो. पाऊण मापाचा ६८-६९ आणि अर्ध्या मापाचा ६२ च्या आसपास. "मुलगा मोठा होईलच" म्हणून शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतात तसा बो घेऊ नका. मुलाने बो तारेवर ठेवून टोकापर्यंत ओढावा. खांदा मागे न खेचता, कोपर सहज उघडून टोक तारेवर येत असेल तर माप बरोबर. टोकाशी येताना बो तिरका पळत असेल, तर तो त्याच्यासाठी लांब आहे.

दांडी कशाची

बाजारात चार प्रकार भेटतील. व्हायोलिनसोबत फुकट येतो तो बहुतेकदा फायबर ग्लासचा किंवा कुठल्यातरी हलक्या प्रतीच्या लाकडाचा. फायबर ग्लास मजबूत असतं, आठ वर्षांच्या मुलाने त्याची तलवार केली तरी टिकतं, पण हाताला जड आणि आवाजाला मठ्ठ. त्याच्या वरचा प्रकार ब्राझीलवुडचा. हे व्यापारातलं ढोबळ नाव आहे. त्याखाली दोन-तीन वेगवेगळ्या जातींची लाकडं विकली जातात, म्हणून एकाच नावाचे दोन बो अगदी वेगळे निघू शकतात. मग कार्बन फायबर. आणि सगळ्यांत वर पर्नाम्बुको.

पर्नाम्बुको हे ब्राझीलमधलं झाड. पूर्वी त्यापासून लाल रंग काढत, आणि त्या देशाला नाव मिळालं तेही याच झाडावरून. आजच्या बोचा आकार पक्का केला तो पॅरिसच्या फ्रान्स्वा झाविये तूर्त या कारागिराने. तरुणपणी तो घड्याळजीच्या हाताखाली शिकला होता, १८३५ मध्ये वारला. सरळ कापलेली काडी आचेवर तापवून तिला आतल्या बाजूला बाक द्यायची पद्धत त्याच्या नावावर सांगतात, आणि त्या बाकासाठी पर्नाम्बुकोइतकं चिवट, लवचीक लाकूड दुसरं सापडलं नाही. झाडं इतकी तोडली गेली की २००७ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. तेव्हा दोन-तीन हजारांत कुणी "अस्सल पर्नाम्बुको" देत असेल तर हसून पुढच्या दुकानात जा.

आचेवर बाक देतात ही गोष्ट लक्षात ठेवा, खानदेशात तिला फार महत्त्व आहे. जो बाक उष्णतेने येतो तो उष्णतेनेच जातो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे सरकतो. त्या उन्हात काचा बंद करून उभी केलेली गाडी म्हणजे भट्टीच. तिच्या डिकीत दुपारभर राहिलेला लाकडी बो संध्याकाळी वाकडा निघाला तर दोष कारागिराचा नव्हे.

म्हणून माझं मत सरळ आहे. खानदेशात राहणाऱ्या आणि नुकतंच शिकू लागलेल्या माणसाने पहिला चांगला बो कार्बन फायबरचा घ्यावा. त्याची दांडी उन्हाने वाकत नाही, पावसाने फुगत नाही. चांगल्या लाकडी बोची आवाजातली ऊब त्याला नाही, हे मान्य. पण ती ऊब कानाला कळायला लागेपर्यंत दोन-तीन वर्षं जातात, आणि तोवर हातात सरळ राहिलेला बो असणं जास्त कामाचं. लाकडाचाच हवा असेल तर ब्राझीलवुडचे चार बो समोर ठेवून त्यातला एक निवडा. एकच दाखवून "हाच चांगला" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

गोल दांडी की आठकोनी, हा प्रश्न नेहमी येतो. त्याने दर्जा ठरत नाही. फ्रॉगवरची, म्हणजे हाताकडच्या टोकाला केस धरून ठेवणाऱ्या ठोकळ्यावरची, शिंपल्याची टिकली आणि चांदीचा पत्रा दिसायला सुंदर, पण पहिल्या बोसाठी त्याचे पैसे मोजायची गरज नाही.

आधी डोळ्यांनी

दुकानात गेल्यावर लगेच वाजवू नका. फ्रॉगमागचा, दांडीच्या बुडाचा स्क्रू उलटा फिरवून केस पूर्ण सैल करा. फ्रॉगकडचं टोक डोळ्याजवळ धरा आणि सुतार फळीची धार बघतो तसं एक डोळा मिटून दांडीवरून टोकापर्यंत बघा. दांडी डावीकडे किंवा उजवीकडे वळलेली दिसली तर तो बो खाली ठेवा. मग केस ताणून पुन्हा तसंच बघा. काही बो सैल असताना सरळ दिसतात आणि ताणल्यावर एका अंगाला झुकतात.

आता बाजूने बघा. दांडीचा बाक केसांच्या दिशेने असायला हवा. रावेर-यावलकडच्या वाचकांसाठी सोपी खूण: केळ्याची बाहेरची, फुगीर बाजू केसांकडे. दांडी आणि केस यांच्यात मध्यावर पेन्सिलीच्या जाडीएवढं अंतर येईपर्यंत ताणा. एवढ्या ताणावरही बाक शिल्लक राहिला पाहिजे. दांडी पार सरळ झाली, किंवा धनुष्यासारखी बाहेर फुगली, तर तिच्यातला जीव गेला आहे. धनुष्यासारखा बाक छान दिसतो म्हणून मुद्दाम तसा ताणणारे विद्यार्थीही मी पाहिले आहेत. नाव 'बो' असलं तरी आपल्याला बाण मारायचा नाही.

स्क्रू फिरवताना तो अडकत, घसरत किंवा करकरत नाही ना, हे बघा. फ्रॉगला अंगठ्याने हलकेच डावीउजवीकडे ढकला. तो डुगडुगत असेल तर वाजवताना प्रत्येक वळणावर टकटक ऐकू येईल. केसांची पट्टी सपाट आणि रुंद असावी, केस एकमेकांवर चढलेले नसावेत, एका बाजूचे ताठ आणि दुसऱ्या बाजूचे लोंबते तर अजिबात नसावेत. साधारण दीडशे ते दोनशे केस असतात, घोड्याच्या शेपटीचे. फार चमकणारे, प्लॅस्टिकच्या दोऱ्यासारखे वाटणारे केस कृत्रिम असू शकतात, ते राळ धरत नाहीत. केसांना बोट मात्र लावू नका. हाताचा घाम आणि तेल एकदा लागलं की तेवढ्या जागी बो घसरतो.

सगळ्यांत शेवटी टोक. बोच्या डोक्याशी, जिथे दांडी एकदम खाली वळते, तिथे लाकूड सगळ्यांत नाजूक असतं. जुना, वापरलेला बो घेत असाल तर मोबाइलची बॅटरी लावून तिथली बारीक रेघ शोधा. ती रेघ म्हणजे चीर असेल तर फुकट मिळाला तरी नको.

वजन सराफाच्या काट्यावर

पूर्ण मापाचा बो साधारण ६० ग्रॅमचा असतो, दोन-तीन ग्रॅम इकडेतिकडे. म्हणजे सोन्याच्या भाषेत सहा तोळे. जळगावात राहत असाल तर हे मोजणं अवघड नाही. माझ्या ओळखीच्या एका सराफाने दुपारच्या निवांत वेळी माझे तीन बो काट्यावर ठेवून दिले होते: ५९, ६२ आणि तिसरा, व्हायोलिनसोबत फुकट आलेला, ७१. पहिल्या आणि तिसऱ्यातला बारा ग्रॅमचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. अर्धा तास रियाज केल्यावर मनगट सांगतं तो किती मोठा आहे ते.

पण नुसत्या वजनापेक्षा तोल महत्त्वाचा. एका बोटावर बो आडवा ठेवून बघा. स्क्रूच्या टोकापासून साधारण २४-२५ सेंटिमीटरवर तो तोलला गेला पाहिजे. तोल त्याच्या बराच पुढे गेला तर टोक जड पडतं आणि करंगळी दमते, मागे सरकला तर टोकाशी आवाज पातळ होतो. सराफाकडे जायला संकोच वाटत असेल तर हा बोटावरचा प्रयोग पुरेसा आहे.

वाजवून बघताना

इथे दोन गोष्टी घरून न्यायच्या: स्वतःचं व्हायोलिन आणि स्वतःची राळ. दुकानातल्या महागड्या व्हायोलिनवर कुठलाही बो गोड वाटतो.

व्हायोलिनच्या बोची पारख सांगणारं जे लिखाण मिळतं ते बहुतेक पाश्चात्त्य वादनाचं असतं. बो तारेवर कसा उसळतो, झटपट उड्या कशा मारतो, यावर त्यात भर असतो. आपलं काम वेगळं आहे. आपण मांडी घालून बसतो, व्हायोलिनचं डोकं पावलावर टेकवतो आणि गळ्यासारखं वाजवायचा प्रयत्न करतो. गजाननबुवा जोशी स्वतः गवई होते आणि व्हायोलिनही वाजवत, डी. के. दातार आणि एन. राजम् यांचं वादन गायकी अंगाचं म्हणून ओळखलं जातं. त्यांच्यापैकी कुणाचीही ध्वनिफीत लावा आणि फक्त उजव्या हाताकडे कान द्या: एक श्वास संपून दुसरा कधी सुरू झाला, कळत नाही. आपल्याला बो हवा तो या कामासाठी, लांब आणि अखंड सुराचा.

तेव्हा चाचणीही तशीच घ्या. मोकळ्या तारेवर बो फ्रॉगपासून टोकापर्यंत एकदा ओढा, मनात दहा आकडे मोजत. मध्यावर येताना तो आपोआप थरथरतो का? थरथरला तर पुन्हा ओढा, कारण पहिल्यांदा हात घाबरलेला असतो. तीनदा थरथरला तर दोष बोचा. मग उलट, टोकापासून फ्रॉगकडे. वळणाच्या जागी झटका किंवा टक् असा आवाज येतो का ते ऐका. चारही तारांवर हेच करा. खर्जाच्या जाड तारेला बो पकड घेतो का, आणि सगळ्यांत बारीक तारेवर शिट्टी मारतो का? थोडं वाजवता येत असेल तर एकाच बोमध्ये षड्जापासून पंचमापर्यंत सावकाश मींड घ्या, म्हणजे सूर न तोडता घसरत न्या. मींड मधे फाटली नाही तर तो बो बाजूला काढून ठेवा, तो अंतिम फेरीत.

अगदीच नवखे असाल तर गुरुजींना किंवा निदान दोन वर्षं शिकलेल्या कुणाला सोबत न्या. त्यांना वाजवू द्या, तुम्ही पाच-सहा फुटांवर पाठ करून उभे राहा. कुठला बो महाग हे त्यांनी सांगायचं नाही. मी हा खेळ विद्यार्थ्यांसोबत अनेकदा केला आहे. लोक बहुतेक वेळा सर्वांत महाग बो निवडत नाहीत.

नव्या बोची एक गंमत माहीत नसेल तर भीती वाटते. त्याच्या केसांना राळ लागलेली नसते, आणि राळ नसलेल्या बोचा आवाज येतच नाही. तारेवरून तो बर्फावरून घसरावा तसा घसरतो. राळेमुळे केस तारेला चिकटतात, ओढतात, तार सुटते, पुन्हा चिकटते. हे एका सेकंदात शेकडो वेळा होतं तेव्हा सूर उमटतो. "बो खराब निघाला" म्हणून दुसऱ्याच दिवशी परत करायला निघालेल्या एका ताईंना मी वाटेतच थांबवलं होतं.

पैसे किती

ढोबळ हिशेब असा की व्हायोलिनच्या किमतीच्या पाव ते एक तृतीयांश रक्कम बोवर घालावी. पण नवशिक्याचं व्हायोलिन मुळातच स्वस्त असेल तर हा हिशेब मोडा आणि बोवर थोडं जास्त घाला, कारण व्हायोलिन बदललं तरी चांगला बो पुढे चालतो. खरेदीसाठी खानदेशातून बहुतेक लोक मुंबईला धोबी तलावच्या दुकानांत किंवा पुण्याला जातात. जळगाव-धुळ्याच्या वाद्यांच्या दुकानात हार्मोनियम-तबल्याच्या गर्दीत दोन-तीन बो असतात. ते बघायला हरकत नाही, पण निवडीला वाव कमी.

ऑनलाइन मागवणार असाल तर परत घेण्याची मुदत आधी वाचा, पार्सल उघडताना चित्रीकरण करा आणि वर सांगितलेल्या सगळ्या चाचण्या त्याच दिवशी उरका. एप्रिल-मेमध्ये मात्र लाकडी बो मागवू नका. कुरियरच्या पत्र्याच्या गाडीत तो किती दुपारी तापला, हे आपल्याला कधी कळणार नाही.

राळ

राळ दोन तऱ्हेची: फिकट, कडक आणि गडद, मऊ. गडद राळ थंड, कोरड्या हवेसाठी ठीक. आपल्याकडे उन्हाळ्यात ती चिकट होते आणि आवाज खरखरीत येतो, म्हणून फिकट रंगाची घ्या. नवी वडी काचेसारखी गुळगुळीत असते. बारीक पॉलिश पेपरने एकदा हलकेच घासली की ती केसांना लागू लागते. नव्या बोला पहिल्यांदा पाच-दहा मिनिटं शांतपणे लावा. नंतर रोज चार-पाच हात पुरे. वाजवताना पांढरा धुरळा उडत असेल तर जास्त झाली. वडी खिडकीत ठेवू नका. माझी एक वडी एका मेमध्ये वितळून पेटीच्या मखमलीत मुरली, ती जागा अजून कडक आहे.

उन्हाळ्यात आखडतो, पावसाळ्यात लोंबतो

हा भाग मी स्वतःच्या नुकसानीतून शिकलो. घोड्याचे केस दमट हवेत लांब होतात आणि कोरड्या हवेत आखडतात. एका जुलैमध्ये मी माझ्या लाकडी बोचे केस मुंबईला बदलून घेतले. तिथल्या ओलसर हवेत कारागिराने ते नेटके बसवले. एप्रिलमध्ये जळगावात स्क्रू पूर्ण सैल केला तरी केस ताठच. आणखी सैल करायला जागाच उरली नव्हती. रियाज संपल्यावरही दांडीवरचा ताण उतरत नव्हता, आणि मी "बघू नंतर" म्हणत राहिलो. मेच्या अखेरीस दांडी डावीकडे वळली ती कायमची.

तेव्हापासून केस बसवणाऱ्याला मी आधीच सांगतो, "आमच्याकडची हवा कोरडी आहे, केस थोडे लांब ठेवा." नवा बो घेतानाही हे बघा. पावसाळ्यात घेत असाल तर स्क्रू पूर्ण सैल केल्यावर केस चांगले लोंबले पाहिजेत. उन्हाळ्यात घेत असाल तर उलट: पेन्सिलीएवढं अंतर यायला स्क्रूचे फार फेरे लागत असतील, तर जुलैमध्ये तो बो ताणलाच जाणार नाही.

कार्बन फायबरचा बो घेतला तरी केस घोड्याचेच असतात, तेव्हा हे नियम त्यालाही लागू. रियाज संपला की दरवेळी केस सैल करा. विसरू नये म्हणून मी मुलांना सांगतो, आधी बो सैल, मग चप्पल. दांडीवरची राळ कोरड्या सुती कापडाने पुसा, स्पिरिट लावू नका, पॉलिश जातं. परीक्षेच्या काळात पेटी महिनोन्महिने बंद राहणार असेल तर आठवड्यातून एकदा उघडून उजेडात ठेवा. अंधाऱ्या पेटीत बारीक किडे होतात आणि केस कुरतडतात. बो हातात घेताच एकदम दहा-वीस केस तुटून आले तर कीड लागली असं समजा आणि पेटी झाडून, उन्हं दाखवून स्वच्छ करा. त्या वेळी बो सावलीत.

केस बदलायला पाठवताना

रोज वाजवणाऱ्याने वर्षातून एकदा केस बदलावेत. स्वस्त बोच्या बाबतीत हा खर्च जवळपास नव्या बोइतका होतो. तिथे नवाच घ्या. चांगल्या बोसाठी मात्र पुण्या-मुंबईला पाठवावा लागतो, आणि खरी भीती असते ती वाटेत मोडण्याची. यावर उपाय आपल्याच गावात आहे. ठिबक सिंचनाच्या जिल्ह्यात पाइपाला काय तोटा! दोन इंची पीव्हीसी पाइपाचा ८५ सेंटिमीटरचा तुकडा कापून घ्या, दोन एंड कॅप घ्या. बो सैल करा, जुन्या सुती साडीच्या पट्टीत गुंडाळा, पाइपात सरकवा, दोन्ही टोकांना कापडाचे बोळे कोंबा म्हणजे आत हलणार नाही. कॅप बसवून चिकटपट्टी लावा. सोल्युशन लावू नका, नाहीतर तिकडच्या कारागिराला करवत शोधावी लागेल.

आणि पाइपवर मोठ्या अक्षरांत "वाद्य आहे" असं लिहा. मागच्या वेळी मी लिहिलं नव्हतं. परत आलेला बो घेऊन कुरियरवाला दारात उभा, आणि विचारतोय, "काका, ठिबकचा माल शेतावर द्यायचा का इथेच?"